टाकळा आणि कासविंदा : सारख्या दिसणाऱ्या रानफुलांची पारख

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोच बुलढाणा जिल्ह्यातील माळ, बांध, गावठाणे आणि जंगलाच्या कडा हिरव्या दिसू लागतात. या हिरवळीत सर्वांत दाट उगवण असते ती टाकळ्याची. आपल्या भागात त्यास तरोटा म्हणतात. ज्ञानगंगा अभयारण्याभोवतालची गावे असोत, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील वस्त्या असोत, अथवा मेहकर-लोणारकडील पठारी शिवार असो, तरोटा नाही असे गाव सापडणे कठीण. आषाढात त्याचा कोवळा पाला खुडून भाजी होते. श्रावण-भाद्रपदात तो पिवळ्या फुलांनी भरतो. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळू लागतात व पुढे अनेक कुटुंबे त्याचे बी झोडपून व्यापाऱ्यास विकतात.

परंतु याच बांधावर, याच रस्त्याच्या कडेला आणि पुष्कळदा याच ताटव्यात तरोट्याचे एक भावंडही उभे असते. त्याचे फूल पिवळेच, पान संयुक्तच, वास उग्रच. त्याचे नाव कासविंदा. या दोहोंतील फरक ओळखणे हा केवळ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचा विषय आहे असे कोणास वाटेल, तर तो समज चुकीचा आहे. कासविंद्याच्या बिया लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतात, जनावरांच्या चाऱ्यात मिसळल्यास जनावरे दगावू शकतात आणि तरोट्याच्या बियांत मिसळल्यास मालाची किंमत उतरते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने आणि गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने ही पारख करून घेणे अगत्याचे आहे.

ओळख न पटल्याने काय घडले

उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, सहारनपूर व बिजनोर या जिल्ह्यांकडे, अनेक वर्षे पावसाळा संपता संपता लहान मुलांत एक भयंकर आजार उद्भवत असे. खेळते-हिंडते मूल अचानक ओकाऱ्या करू लागे, मग बेचैन होई, असंबद्ध बडबडे, शुद्ध हरपे, झटके येत आणि चार-पाच दिवसांत बहुधा त्याचा अंत होई. चार आजारी मुलांपैकी सुमारे तीन मुले दगावत. आजारी पडणारी मुले बहुतेक गरीब कुटुंबांतील, ग्रामीण भागातील आणि अगदी कोवळ्या वयाची असत. हा मेंदूज्वराचाच प्रकार असावा असे समजून विषाणूचा शोध घेण्यात आला. परंतु विषाणू हाती लागला नाही.

बिजनोर येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांचे सहकारी यांनी या मुलांच्या घरी, अंगणात व शिवारात जाऊन बारकाईने चौकशी केली. आजारी पडण्यापूर्वी या मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या, असे त्यांस आढळून आले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आजार मेंदूच्या जंतुसंसर्गाचा नव्हता. बियांतील विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू हे तिन्ही एकाच वेळी विकल होत होते. लोकांना झाड दाखवून सावध केल्यावर त्या भागातील रुग्णांची संख्या घटली. औषधाने जे साधले नाही ते झाडाची ओळख करून दिल्याने साधले.

पुढे २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी या वनप्रधान जिल्ह्यात पावसाळ्यानंतर शंभराच्या आसपास बालके दगावली. त्यांपैकी काहींना जपानी मेंदूज्वर झालेला होता. उरलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र डॉ. जेकब जॉन यांच्या समितीने तेथे ‘बनचाकुंडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांकडे बोट दाखविले. बनचाकुंडा म्हणजेच आपला कासविंदा. चाकुंडा म्हणजे आपला तरोटा. तेथेही भाजीचे झाड व विषारी बियांचे झाड यांच्या नावांत केवळ ‘बन’ या दोन अक्षरांचे अंतर होते.

नावावर विसंबू नये

आपल्याकडेही तोच घोटाळा आहे. कासविंद्यास कोठे कासोदा, तर कोठे रानटाकळा म्हणतात. रानटाकळा हे नाव ऐकले की तो टाकळ्याचाच एक प्रकार असावा, रानात वाढणारा म्हणून अधिक गुणकारी असावा, असा समज होणे साहजिक आहे. शिवाय एका गावात ज्यास रानटाकळा म्हणतात त्यास शेजारच्या गावात दुसरेच नाव असते. कार्यकर्त्याने सभेत ‘रानटाकळा खाऊ नका’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे एक झाड येईल आणि निम्म्यांच्या दुसरे. म्हणून नाव सांगण्यापूर्वी झाड हातात घेऊन दाखवावे, हा पहिला नियम होय.

शास्त्रीय नावांचा उपयोग येथेच होतो. टाकळा, कासविंदा व त्यांचे आणखी काही सोयरे यांना स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ साली ‘कॅसिया’ या वंशात घातले होते. १९८२ साली आयर्विन व बार्नेबी या शास्त्रज्ञांनी त्या मोठ्या वंशाची विभागणी केली. तेव्हापासून बहावा कॅसिया वंशात राहिला. टाकळा, कासविंदा, तरवड व सोनामुखी ही ‘सेना’ या वंशात गेली. टाकळा म्हणजे सेना टोरा आणि कासविंदा म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस. ऑक्सिडेंटॅलिस याचा अर्थ पश्चिमेकडील. ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील मानली जाते. जुन्या पुस्तकांत व औषधी व्यापारात आजही कॅसिया हेच नाव आढळते, हे ध्यानात असावे. बुलढाणा जिल्ह्यातील वनस्पतींचे स्वतंत्र पुस्तक भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेले आहे. जिज्ञासू शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी ते पाहावे.

कोणत्या खुणा फसव्या आहेत

झाड ओळखताना माणूस प्रथम फूल पाहतो. येथे फुलाने फारसे काम होत नाही. दोहोंची फुले पिवळी, पाच पाकळ्यांची आणि दुरून सारखीच दिसणारी असतात. शिवाय भाजी खुडण्याच्या दिवसांत फूल नसतेच.

दुसरी फसवी खूण वासाची. पान चुरगळले असता कासविंद्यास उग्र दर्प येतो, हे खरे. परंतु टाकळ्याच्या पानासही वास असतोच. ज्यास दोन्ही झाडे नित्य परिचयाची आहेत तो वासावरून सांगू शकेल; नवख्याने त्यावर विसंबू नये.

तिसरी फसवी खूण पाने मिटण्याची. सायंकाळ झाली की टाकळ्याची पाने मिटतात, म्हणून जे मिटते ते टाकळा, असे काहीजण मानतात. वास्तविक रात्री पाने मिटणे हा या साऱ्या कुळाचाच धर्म आहे.

चौथी फसवी खूण उंचीची. टाकळा गुडघ्यापासून कमरेपर्यंत व कासविंदा कमरेपासून पुरुषभर उंच होतो, हे सर्वसाधारणपणे बरोबर आहे. तथापि हलक्या जमिनीत कासविंदा खुरटतो आणि उकिरड्यालगतच्या कसदार जागेत टाकळाही छातीइतका वाढतो.

खऱ्या तीन खुणा

मग पाहावे काय? पानाचे टोक, पानाच्या दांडीवरील ग्रंथी आणि शेंग, या तीन गोष्टी पाहाव्यात. यांपैकी पहिल्या दोन रोप कोवळे असतानाही दिसतात. म्हणून भाजीच्या हंगामात त्यांचे महत्त्व अधिक.

पानाचे टोक. टाकळ्याच्या एका पानावर पर्णिकांच्या, म्हणजे लहान दलांच्या, तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका बुडाशी अरुंद, टोकाकडे रुंद व गोलसर असते. सर्वांत वरची जोडी सर्वांत मोठी असते. कासविंद्याच्या पानावर पर्णिकांच्या बहुधा चार ते पाच, क्वचित तीन वा सहा जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका मध्ये रुंद होऊन टोकास निमुळती व अणकुचीदार होत जाते. थोडक्यात, टाकळ्याचे दल बोटाने दाबून गोल केल्यासारखे आणि कासविंद्याचे दल भाल्याच्या पात्यासारखे असते. मात्र अगदी लहान रोपाच्या पहिल्या दोन-तीन पानांवर जोड्या कमी असतात. म्हणून चौथे-पाचवे पान आल्याशिवाय केवळ जोड्या मोजून निर्णय करू नये.

दांडीवरील ग्रंथी. ही खूण सर्वांत भरवशाची आहे. पान उपटून त्याची दांडी उजेडात धरावी. टाकळ्यामध्ये खालच्या दोन जोड्यांच्या मधोमध, दांडीच्या वरच्या अंगास, केशरी पिवळसर रंगाची बारीक काडीसारखी ग्रंथी उभी असते. दोन पर्णिकांच्या बेचक्यात ती दिसते. कासविंद्यामध्ये पर्णिकांच्या बेचक्यात काहीही नसते. त्याऐवजी देठ खोडाला जेथे चिकटतो तेथील फुगीर सांध्याच्या किंचित वर एकच ठळक, घुमटाकार, काळपट तांबूस गाठ असते. नजर कमी असलेल्या माणसासही ती बोटाच्या टोकाला लागते. हे सूत्र गावोगाव पाठ करून घ्यावे: गाठ बेचक्यात तर टाकळा, गाठ बुडाशी तर कासविंदा.

शेंग. टाकळ्याची शेंग काडीसारखी बारीक, वीतभर लांब, किंचित वाकलेली व चौकोनी धारेची असते. ती बोटांत फिरवली असता कोपरे लागतात. कासविंद्याची शेंग चपटी, सुमारे बोटभर रुंदीची, टाकळ्याहून आखूड आणि वरच्या बाजूस किंचित वळलेली असते. पिकू लागली म्हणजे तिचा मधला भाग तपकिरी आणि दोन्ही कडा फिकट राहतात. त्यामुळे शेंगेस किनार लावल्यासारखी दिसते. लहान मुलास ही शेंग सोलण्याचा मोह होतो, तो तिच्या या चपट्या, मटारसारख्या आकारामुळेच.

बियांचाही भेद स्पष्ट आहे. टाकळ्याचे बी मेथीच्या दाण्याची आठवण करून देणारे, तकतकीत, दोन्ही टोकांना तिरपे कापल्यासारखे व कोनदार असते. कासविंद्याचे बी चपटे, गोलसर, मळकट राखी-तपकिरी असून त्याच्या दोन्ही अंगांवर मध्यभागी लंबगोल डाग दिसतो. तळहातावर दहा-दहा दाणे शेजारी ठेवले तर भेद सांगावा लागत नाही.

आणखी काही सोयरे

या दोघांखेरीज आणखी काही झाडे त्याच बांधावर आढळतात. त्यांची थोडक्यात ओळख करून घेणे बरे.

टाकळ्याचे एक जुळे भावंड आहे. त्याचे शास्त्रीय नाव सेना ऑब्ट्युसिफोलिया. त्याची पर्णिकाही गोल टोकाची व तीन जोड्यांचीच. परंतु ग्रंथी बहुधा फक्त सर्वांत खालच्या जोडीच्या बेचक्यात असते. त्याच्या फुलाचा देठ टाकळ्याहून लांब असतो. बियांच्या अंगावर जी फिकट पट्टी असते ती टाकळ्यात रुंद व याच्यात अरुंद असते. शास्त्रज्ञांनाही या दोघांबाबत पुष्कळ काळ मतभेद होते व अनेक पुस्तकांत ती एकच वनस्पती म्हणून नोंदलेली आहेत. शेतकऱ्याने या भेदात अडकण्याचे कारण नाही, कारण बियांच्या व्यापारात दोघांचा उपयोग एकच आहे. कोणता भेद जपायचा आणि कोणता सोडायचा, हे समजणे हाही पारख करण्याचाच भाग होय.

कासविंद्याचा एक थोरला भाऊ कधी कधी भेटतो; तो सेना सोफेरा. यालाही काही भागांत कासविंदा किंवा रानटाकळा म्हणतात. तो वर्षायू नसून झुडूप होऊन टिकतो. त्याच्या पानावर सहा ते दहा जोड्या निमुळत्या पर्णिका असतात, ग्रंथी देठाच्या बुडाशीच असते आणि पिकलेली शेंग चपटी न राहता फुगीर होते. गाठ बुडाशी असल्यामुळे वरील सूत्राप्रमाणे त्याची गणना कासविंद्याच्या बाजूला होते आणि त्याच्या बियांपासूनही मुलांना दूर ठेवावे.

अलीकडील काळात रस्त्यांच्या कडेला आणखी एक पाहुणा दाट वाढलेला दिसतो. तो सेना युनिफ्लोरा. हाही मूळचा अमेरिकेचा. गाजरगवताला दाबून टाकतो म्हणून काही ठिकाणी तो मुद्दाम पसरविण्यात आला. त्याच्या अंगावर तपकिरी रंगाची दाट लव असते, बहुतेक जोड्यांच्या बेचक्यांत ग्रंथी असतात आणि शेंगा अगदी आखूड, ताठ, सांध्यासांध्यांत दबलेल्या व झुबक्यांनी उभ्या असतात. त्याची गाठ बेचक्यात असली तरी तो टाकळा नव्हे व भाजीचाही नव्हे. म्हणून भाजी खुडताना सूत्राला एक पुस्ती जोडावी: गाठ बेचक्यात, दले तीनच जोड्यांची, टोक गोल आणि अंगावर दाट लव नाही, तोच टाकळा.

दोनच जोड्यांची पाने, चिकट लव आणि बारीक फुले असलेले एक लहानसे रोप माळावर आढळते. बाजारात चाकसू म्हणून ज्याचे काळे बी मिळते ते हेच. त्याच्या चिकटपणामुळे ते सहज वेगळे ओळखू येते.

हंगामाप्रमाणे पाहणी

ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे जून-जुलैमध्ये, कोवळी भाजी खुडली जाते. या काळात पानाचे टोक व ग्रंथी यांवरून पारख करावी. टोपलीतील पाला घरी आणल्यावर पुन्हा एकदा पसरून पाहावा. घाईत खुडलेल्या मुठीत दुसरे रोप येणे सहज शक्य असते. भाजी फुलोऱ्यापूर्वीच्या कोवळ्या शेंड्यांचीच करावी.

श्रावण-भाद्रपदात दोन्ही झाडे फुलतात. टाकळ्याची फुले पानाच्या बगलेत बहुधा जोडीने येतात. कासविंद्याची दोन-चार फुले आखूड मंजिरीवर एकत्र येतात. हा काळ कासविंदा उपटण्यास सर्वांत योग्य होय. जमीन ओली असल्याने त्याचे सोटमूळ सहज निघते आणि अद्याप बी धरलेले नसते.

भाद्रपद अखेरीपासून मार्गशीर्षापर्यंत शेंगांचा काळ असतो. हाच खरा धोक्याचा काळ आहे. या दिवसांत आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची कापणी व मळणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी चालू असते. घरातील सर्व मोठी माणसे शेतात असतात. तान्ह्याहून थोडी मोठी, पण शाळेत जाण्याजोगी न झालेली मुले बांधावर बसविलेली असतात. आई वाकून कापणी करीत असते आणि मूल हाताशी येईल त्या शेंगेशी खेळत असते. भूक लागली तर ते शेंग सोलून तोंडात घालते. बिजनोरकडील मुले आजारी पडत ती याच महिन्यांत. म्हणून मुलास ज्या बांधावर बसवावयाचे तो बांध आधी पाहून घेणे आणि त्याच्या शिदोरीची वेगळी तजवीज करणे, एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यावी. मजुरी करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची हीच काळजी शेतमालकाने घ्यावी.

जनावरे, धान्य आणि बियांचा व्यापार

हिरवा टाकळा आणि हिरवा कासविंदा ही दोन्ही झाडे जनावरे वासामुळे सहसा खात नाहीत. अतिचराईच्या माळावर ही झाडे माजतात याचे कारण हेच. परंतु बी धान्यात किंवा पेंडीत मिसळले तर जनावरास निवड करता येत नाही. कासविंद्याच्या बियांमुळे गुरे, घोडे, डुकरे व कोंबड्या यांच्या स्नायूंचा ऱ्हास होऊन ती उठू न शकल्याची व दगावल्याची उदाहरणे परदेशांत, विशेषतः अमेरिका व ब्राझील येथे, नोंदली गेली आहेत. तेथे ज्वारी, मका किंवा सोयाबीन यंत्राने कापताना हे तण पिकासोबत कापले जाई व त्याचे बी धान्यात जाई.

आपल्याकडे सोयाबीनची कापणी आणि मळणी दिवसेंदिवस यंत्राने होऊ लागली आहे. म्हणून कापणीपूर्वी शेताची एक फेरी मारून बांधालगतच्या पट्ट्यातील कासविंदा उपटून बाहेर काढावा. मळणीनंतर चाळणीखाली उरलेली बारीक घाण जनावरांपुढे टाकण्याची सवय सोडावी. टाकळ्याचे बीदेखील कच्चे व मोठ्या प्रमाणात जनावरांस घालू नये. या कुळातील बियांत रेचक द्रव्ये असतात, आणि टाकळ्याच्या जुळ्या भावंडापासूनही गुरांच्या स्नायूंना अपाय झाल्याचे आढळलेले आहे.

बी गोळा करणाऱ्या कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागेल. टाकळ्याच्या बियांच्या गरापासून एक प्रकारचा डिंक तयार होतो. खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी व डबाबंद पशुखाद्यात त्याचा वापर होतो. केंद्र शासनाने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची जी योजना आखली, तिच्या यादीत हे बी ‘पुवाड’ या नावाने समाविष्ट करण्यात आले. युरोपीय संघाने २०१० साली या डिंकास अन्नात वापरण्याची परवानगी दिली. परंतु त्यात कासविंद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्याहून कमी असले पाहिजे अशी अट घातली. ही अट बियांच्या मापात पाहू गेल्यास शंभर किलो मालात पन्नास ग्रॅम, म्हणजे जेमतेम मूठभर बी होते. एका पोत्याचा माल एका मुठीने हलका ठरू शकतो.

म्हणून झोडपणीपूर्वीच निवड करावी. झोडपल्यानंतर दाणे निवडणे जवळजवळ अशक्य होते. चौकोनी बारीक शेंगांची झाडे तेवढी कापून खळ्यावर आणावीत. चपट्या शेंगांचे एकही झाड भाऱ्यात येऊ देऊ नये. खळे आधी झाडून स्वच्छ करावे. निवडलेल्या मालाचा नमुना बाटलीत भरून व्यापाऱ्यास दाखविल्यास स्वच्छ मालासाठी भाव मागता येतो. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा या अभयारण्यांच्या हद्दीतून वनोपज आणण्यास कायद्याने निर्बंध आहेत. तेथे वनखात्याची परवानगी विचारल्याशिवाय काहीही गोळा करू नये.

गावात प्रात्यक्षिक कसे घ्यावे

या विषयावर भाषण देऊन उपयोग होत नाही. कार्यकर्त्याने भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात गावातील अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक आणि भाजी खुडणाऱ्या दोन-चार जाणत्या स्त्रिया यांना सोबत घेऊन तासभर शिवारफेरी काढावी. भाजी खुडणाऱ्या स्त्रियांना बोलावण्याचे विशेष कारण आहे. त्यांच्या बोटांना टाकळ्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची असते. त्यांना शिकवावयाचे नसून त्यांच्याकडून स्थानिक नावे विचारून घ्यावयाची असतात. कोणत्या झाडाला गावात काय म्हणतात हे त्यांच्या तोंडून कळले की सभेत गोंधळ होत नाही.

फेरीत प्रत्येकाने स्वतः एक पान टाकळ्याचे आणि एक कासविंद्याचे तोडून ग्रंथी शोधावी. दुसऱ्याने दाखविलेली खूण विसरते. स्वतःच्या बोटाला लागलेली गाठ विसरत नाही. परतल्यावर दोन्ही झाडांच्या पाना-फुलांसह फांद्या जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवाव्यात व जाड कागदावर शेजारीशेजारी चिकटवून शाळेत आणि ग्रामपंचायतीत टांगाव्यात. दोन लहान बाटल्यांत दोन प्रकारच्या बिया भरून त्यांवर नावे लिहावीत. कासविंद्याची बाटली घट्ट बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, हे सांगणे नलगे.

त्यानंतर अंगणवाडी, शाळा, पाणवठा आणि वस्तीच्या आसपासचा कासविंदा श्रमदानाने उपटावा. शेंगा धरलेल्या असल्यास झाडे अंगणात वाळत टाकू नयेत. खोल खड्ड्यात पुरावीत. या कुळातील बियांचे कवच टणक असते आणि त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. सबब एका वर्षाच्या मोहिमेने काम संपत नाही. तीन-चार पावसाळे सातत्य राखावे लागते. मोकळ्या झालेल्या जागेत गवत किंवा उपयुक्त झाडे लावावीत. रिकामी जमीन पुन्हा तणच धरते.

शंका आल्यास काय करावे

एखाद्या मुलाने कासविंद्याच्या बिया खाल्ल्याचे कळले, किंवा शेंगांच्या दिवसांत मुलास एकाएकी ओकाऱ्या, बेचैनी, भान हरपणे वा झटके अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय करीत वेळ दवडू नये. मीठ-पाणी पाजून बळेच ओकारी काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयात न्यावे. ज्या झाडाच्या शेंगा खाल्ल्याचा संशय असेल त्याची पाने व शेंगांसह एक फांदी सोबत न्यावी. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. वेळीच मिळालेले रुग्णालयातील उपचार हाच आधार असतो. डॉक्टरांस कारण लवकर कळले तर निदानाचा बहुमोल वेळ वाचतो.

कासविंद्याचे संस्कृत नाव कासमर्द, म्हणजे खोकल्याचे मर्दन करणारा, असे आहे. वैद्यकात त्यास स्थान आहे आणि भाजलेल्या बियांची पूड काही देशांत कॉफीसारखी पितात. परंतु वैद्याने बेताने दिलेले औषध आणि मुलाने मूठभर खाल्लेले कच्चे बी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘औषधी झाड आहे, मग अपाय कसला?’ या युक्तिवादाने कोणीही गाफील राहू नये.

याच्या उलट, भीतीपोटी टाकळ्यावरही कुऱ्हाड चालविण्याचे कारण नाही. टाकळा ही गरिबाची पावसाळी भाजी आहे. दुष्काळात त्याने अनेकांना आधार दिला आहे. फुलोऱ्यापूर्वी कापून त्याचे उत्तम हिरवळीचे खत होते. पिवळसर पांढऱ्या रंगाची अनेक फुलपाखरे आपली अंडी याच कुळातील झाडांवर घालतात. एका भावाच्या दोषासाठी दुसऱ्यास शिक्षा होऊ नये आणि एकाच्या गुणावर दुसऱ्याने विश्वास मिळवू नये, एवढ्यासाठीच ही पारख आहे.

येत्या पावसाळ्यात बांधावर पिवळे फूल दिसले की क्षणभर थांबावे, एक पान तोडावे, दांडी उजेडात धरावी आणि गाठ कोठे आहे ते पाहावे. सोबत मूल असेल तर त्यासही ती दाखवावी. ज्या गावातील मूल आपल्या बांधावरचे झाड ओळखते, त्या गावात ही शेंग चुकून कोणाच्या तोंडी जाणार नाही.